वेल्समधील रॉसिलीचा किनारा: आई-बाबांना घेऊन जायचे असल्यास वेळ आणि वाट कशी निवडावी?

ब्रिस्टलकर

नमस्कार मंडळी,

जुलैच्या सुरुवातीला माझे आई-बाबा आमच्याकडे ब्रिस्टलला राहायला येत आहेत. बाबांचे बालपण हर्णैला गेले आणि आईचे माहेर केळशीचे, त्यामुळे लंडन पाहून झाले की दोघांचीही पहिली फर्माईश ‘आता इकडचा समुद्र दाखव’ हीच असणार, याबद्दल मला शंका नाही. आमच्या जवळचा किनारा म्हणजे वेस्टन-सुपर-मेअर. तिथे ओहोटीला पाणी इतके मागे हटते की समोर नुसता चिखल पसरलेला दिसतो. ज्यांनी आयुष्यभर आंजर्ल्या-केळशीची वाळू तुडवली, त्यांना तो चिखल समुद्र म्हणून दाखवणे मला प्रशस्त वाटत नाही.

म्हणून सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडून वेल्समध्ये जावे, असा विचार आहे. गावर द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकाला असलेल्या रॉसिलीची छायाचित्रे पाहिल्यापासून तेच मनात बसले आहे. मात्र काही शंका आहेत. गाव कड्यावर आणि वाळू खाली, असे छायाचित्रांत दिसते. आईच्या गुडघ्यांना ती उतरण झेपेल का? दिवसातल्या कोणत्या वेळी पोहोचावे? आणि वर्म्स हेड नावाचा जो खडकाळ सुळका समुद्रात गेलेला दिसतो, त्यावर चालत जाता येते असे ऐकले, ते सहकुटुंब करण्यासारखे आहे का? बरोबर आमची दोन लहान मुलेही असतील. गाडीने सकाळी निघून रात्री परत यायचे आहे. रॉसिलीपेक्षा दुसरा एखादा किनारा अधिक सोयीचा असेल तर तेही निःसंकोच सुचवावे.

स्वान्झीकर

तुमची निवड चांगली आहे, आणि ती बदलण्याचे काही कारण मला दिसत नाही; फक्त वाट बदला.

रॉसिलीला बहुतेक लोक गावातून जातात. नॅशनल ट्रस्ट या संस्थेचा वाहनतळ गावात, म्हणजे कड्याच्या माथ्यावर आहे. तिथे गाडी लावून दहा पावले पुढे गेलात की सुमारे पाच किलोमीटर लांबीची वाळू एकदम खाली उलगडलेली दिसते, आणि पहिल्यांदा येणारा माणूस तिथे थबकतोच. परंतु त्या वाळूवर जायचे तर एक चांगलीच उभी वाट उतरावी लागते. मध्ये पायऱ्या आहेत, मध्ये नुसता उतार आहे, पाऊस पडून गेला असेल तर पाय सरकतो, आणि उतरण्यापेक्षा परत चढणे जास्त दमवणारे आहे, कारण तोवर सगळेच वाऱ्याने आणि वाळूने थकलेले असतात. खाली वाळूवर स्वच्छतागृह नाही, दुकान नाही, आडोसा नाही. लहान मुलाला ‘आत्ताच जायचे आहे’ असे झाले, की तो सगळा चढ पुन्हा चढून वर यावे लागते, हे लक्षात ठेवावे.

याच किनाऱ्याचे उत्तरेकडचे टोक मात्र लॅनगेनिथ गावाच्या बाजूला आहे आणि तिथे कडा नाही, वाळूच्या टेकड्या आहेत. तिथल्या हिलेंड या तंबूंच्या तळापाशी पैसे भरून गाडी लावता येते आणि टेकड्यांमधल्या पायवाटेने थोड्याच वेळात तुम्ही त्याच वाळूवर पोहोचता. मऊ वाळूतून चालावे लागते, त्यामुळे ती वाट अगदी सपाट रस्त्यासारखी सोपी आहे असे मी म्हणणार नाही; पण दुखऱ्या गुडघ्यांना पायऱ्यांपेक्षा वाळू परवडते. लाटांवर फळी घेऊन खेळणारी मंडळी याच टोकाला जमतात, कारण किनारा थेट पश्चिमेकडे उघडा आहे आणि अटलांटिकच्या लाटा काही आडकाठी न येता इथवर पोहोचतात. आई-बाबांना त्यांचे खेळ पाहत बसायलाही आवडेल.

मी असे सुचवीन की दिवसाचे दोन भाग करावेत. ओहोटीच्या सुमारास लॅनगेनिथच्या बाजूने वाळूवर उतरावे आणि संध्याकाळी गाडीने रॉसिली गावात येऊन वरून सगळे पाहावे. दोन्ही गावे समोरासमोर दिसत असली तरी मध्ये रॉसिली डाउन ही १९३ मीटर उंचीची टेकडी आहे, आणि गाडीला अरुंद रस्त्यांनी वळसा घालून यावे लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवावा. जुलैत सूर्यास्त रात्री साडेनऊच्या आसपास असल्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. गावातून वर्म्स हेडच्या दिशेने जाणारी वाट जवळजवळ सपाट आहे. तिच्यावरून आई आरामात चालू शकतील. गावातले सेंट मेरीचे छोटे चर्चही अवश्य पाहावे. कॅप्टन स्कॉट यांच्याबरोबर दक्षिण ध्रुवापर्यंत पोहोचून परतीच्या वाटेवर १९१२ मध्ये मरण पावलेले एडगर इव्हान्स याच पंचक्रोशीत जन्मले, आणि त्यांचे स्मारक या चर्चमध्ये आहे.

आणखी एक गोष्ट बाबांना नक्की दाखवा. ओहोटीच्या वेळी रॉसिलीच्या बाजूच्या वाळूतून काळ्या पडलेल्या लाकडी खुंट्यांची रांग वर आलेली दिसते. हा ‘हेल्व्हेशिया’ या नॉर्वेच्या शिडाच्या जहाजाचा सांगाडा आहे. लाकूड भरून आलेले हे जहाज नोव्हेंबर १८८७ मध्ये वादळात सापडून इथे वाळूवर चढले. ओकच्या त्या वाशांवर शेवाळ आणि शिंपले धरले आहेत, लोखंडी खिळ्यांचा गंज लाकडात उतरला आहे, आणि प्रत्येक वाशाभोवती पाण्याने खणलेले लहानसे डबके असते, ज्यात मुले हमखास रमतात. ज्यांनी हर्णै बंदरात गलबते पाहिली आहेत, त्यांना त्या वाशांच्या बाकावरून जहाजाचा अंदाज आपल्यापेक्षा लवकर येईल.

पायपीट

वरील प्रतिसादातील माहिती अचूक आहे, तरीही मी थोडे वेगळे मत मांडू इच्छितो. वृद्ध आई-वडील आणि लहान मुले एकाच गाडीत असताना रॉसिली हा धाडसाचा पर्याय ठरतो. हवा बिघडली तर तिथे काही करण्यासारखे उरत नाही, आणि वेल्समध्ये जुलैतही हवा कधी बिघडेल ते सांगता येत नाही.

थोडे अधिक अंतर कापण्याची तयारी असेल तर टेन्बीचा विचार करावा. तिथे वाळूचे किनारे गावाला लागूनच आहेत. जुन्या तटबंदीच्या आत चहाची दुकाने, बाके, स्वच्छतागृहे असे सर्व काही चालण्याच्या अंतरावर आहे. ओहोटीला सेंट कॅथरिन्स बेटाच्या पायथ्यापर्यंत वाळूवरून जाता येते आणि त्यावरचा एकोणिसाव्या शतकातला किल्ला जवळून पाहता येतो. मौज हवी असेल तर होडीने कॉल्डी बेटावर जावे, जिथे १९२९ पासून सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचे साधू राहतात आणि चॉकलेट व अत्तरे तयार करतात. मात्र रविवारी या होड्या बंद असतात.

आणि एवढाही प्रवास नको असेल, तर कार्डिफहून अर्ध्या तासाच्या आगगाडीच्या अंतरावर बॅरी आयलंड आहे. रॉसिलीची भव्यता तिथे नाही, पण स्थानक आणि वाळू यांच्यात काही मिनिटांचेच अंतर असून किनाऱ्यालगतचा फरसबंद रस्ता सपाट आहे.

दर्यावर्दी

किनारा कोणताही निवडा, तारीख मात्र भरती-ओहोटी पाहूनच ठरवा, कारण या भागात हवेपेक्षाही पाणीच दिवसाचे वेळापत्रक ठरवते. ब्रिस्टलच्या खाडीचा आकार नरसाळ्यासारखा आहे. अटलांटिकची भरती त्या निमुळत्या होत जाणाऱ्या खाडीत शिरते, तसतशी तिची उंची वाढत जाते, आणि सेव्हर्नच्या मुखाशी उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चौदा मीटरच्या घरात जातो. जगात यापेक्षा मोठा फरक फार थोड्या ठिकाणी आढळतो. रॉसिली खाडीच्या बाहेरच्या तोंडाशी असल्यामुळे तिथे हा फरक तेवढा नसला, तरी उधाणाला तो सात-आठ मीटर असतोच. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती पाच मीटरच्या आसपास आली की वर्तमानपत्रांत बातमी छापून येते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोजमाप कळते. सपाट वाळूवर एवढे पाणी वर चढते याचा अर्थ असा की ते आडवे फार वेगाने पुढे येते. ओहोटीला मैदानासारखी पसरलेली रॉसिलीची वाळू उधाणाच्या भरतीला, विशेषतः कड्याखालच्या दक्षिण टोकाला, बरीच आक्रसते.

आता तुमच्या बाबांना रुचेल असा हिशेब सांगतो. कोकणात तिथीच्या अंकाला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास आणि पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या आसपास, असा तो ठोकताळा आहे. गावरच्या किनाऱ्यावर, इथली घड्याळे उन्हाळ्यासाठी एक तास पुढे केलेली असताना, हाच हिशेब जवळजवळ तसाच लागू पडतो. फरक एवढाच की उत्तर भरतीचे नव्हे, तर ओहोटीचे येते. म्हणजे हर्णैला ज्या तिथीला दुपारी पाणी धक्क्याला लागलेले असते, त्याच तिथीला रॉसिलीला दुपारी वाळू पूर्ण उघडी असते.

यातून व्यवहाराचा मुद्दा असा निघतो की पौर्णिमा किंवा अमावस्या होऊन एक-दोन दिवस उलटल्यावरचा दिवस सहलीला सर्वांत सोयीचा पडतो. त्या दिवसांत ओहोटी दुपारी एक-दोनच्या सुमारास येते, शिवाय उधाण असल्यामुळे पाणी सर्वांत जास्त मागे जाते आणि जहाजाचा तो सांगाडाही चांगला उघडा पडतो. उलट अष्टमी-नवमीला गेलात तर ऐन दुपारी भरती असेल. भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे दिवस असल्याने ती फार चढणार नाही, पण वाळूही कमी मिळेल.

हा सर्व ठोकताळा केवळ तारीख निवडण्यापुरता वापरावा. तासाभराचा फरक सहज पडतो, आणि पाण्यात किंवा खडकावर जाण्याचा निर्णय अशा अंदाजावर कधीही घेऊ नये. त्यासाठी त्या दिवसाचे छापील किंवा संकेतस्थळावरचे वेळापत्रकच पाहावे, आणि त्यातल्या वेळा ग्रीनिचच्या आहेत की उन्हाळी घड्याळाच्या, तेही तपासून घ्यावे. वेळापत्रक बरोबर असूनही या एका तासाने अनेकांची फजिती होते.

ब्रिस्टलकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दर्यावर्दी यांचा प्रतिसाद मी बाबांना दूरध्वनीवर वाचून दाखवला. त्यांनी तेवढ्यात कालनिर्णय काढून जुलैतल्या पौर्णिमेनंतरची द्वितीया शोधली, दोनाला पाऊणने गुणून ‘दीड वाजता’ असे सांगितले, आणि मी नंतर वेळापत्रक पाहिले तर त्यात दिलेली वेळ त्यापासून फार लांब नव्हती. आता ते इथे येण्याआधीच तारखेचे मालक झाले आहेत.

टेन्बीची सूचनाही पटण्यासारखी आहे, परंतु ब्रिस्टलहून एका दिवसात जाऊन येणे मुलांना जड जाईल असे वाटते. त्यामुळे लॅनगेनिथच्या बाजूने रॉसिली, आणि हवा बिघडलीच तर परतीच्या वाटेवर बॅरी, असे ठरवत आहोत. आता शंका उरली ती वर्म्स हेडची. दुपारी दीडला ओहोटी असेल तर त्यावर जाऊन यायला पुरेसा वेळ मिळणार नाही का? बाबांचा उत्साह पाहता ते हा विषय काढल्याशिवाय राहणार नाहीत.

स्वान्झीकर

वेळ मिळेल, तरीही जाऊ नका, असेच माझे स्पष्ट मत आहे. निदान या गटाने तरी.

अलिबागचा कुलाबा किल्ला ज्यांना ठाऊक आहे त्यांना वर्म्स हेडची कल्पना चटकन येईल, कारण ओहोटीला चालत जावे आणि भरतीआधी परतावे हाच प्रकार दोन्हीकडे आहे. पण अलिबागला पायाखाली बऱ्याच अंशी वाळू असते, घोडागाडी मिळते, आणि उशीर झालाच तर होडीवाला बोलावता येतो. इथे यांपैकी काहीही नाही. मुख्य भूमी आणि वर्म्स हेड यांच्यामधला पट्टा वेड्यावाकड्या, धारदार खडकांचा आहे. त्यांवर शिंपल्यांचे थर आणि ओले शेवाळ असते, आखलेली वाट नसते, आणि प्रत्येक पाऊल पाहून टाकावे लागते. धडधाकट माणसाला हा पट्टा ओलांडायला पाव तास किंवा थोडा जास्त वेळ लागतो. मुलांचा हात धरून किंवा सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आधार देत किती लागेल, त्याचा हिशेब तुम्हीच करावा.

हा पट्टा ओहोटीच्या आधी सुमारे अडीच तास आणि नंतर सुमारे अडीच तास उघडा असतो. ऐकताना ही पाच तासांची मुदत भरपूर वाटते, पण लोक अडकतात ते याच समजुतीमुळे. सुळका लांबलचक आहे, मध्ये डेव्हिल्स ब्रिज नावाची नैसर्गिक खडकाची कमान आहे, खालच्या खडकांवर सील पहुडलेले असतात, आणि हे सर्व पाहण्यात वेळ कुठे गेला ते कळत नाही. परत फिरायला उशीर झाला आणि खडकांमध्ये पाणी खेळू लागले, तर मधल्या प्रवाहात जोर इतका असतो की गुडघाभर दिसणाऱ्या पाण्यातूनही जाण्याचा प्रयत्न करू नये. बेटावर उंच जागी थांबून पुढच्या ओहोटीची वाट पाहावी, किंवा ९९९ वर दूरध्वनी करून तटरक्षक दलाला कळवावे, हाच तिथला नियम आहे. शिवाय पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात सुळक्याच्या अगदी टोकाचा भाग बंद असतो, त्यामुळे जुलैत तुम्हाला तसेही शेवटपर्यंत जाता येणार नाही.

बाबांना समजावण्यासाठी एक मध्यम मार्ग आहे. गावातून निघणारी सपाट वाट ज्या टेकाडापाशी संपते, तिथे तटरक्षक दलाची जुनी टेहळणीची चौकी आहे. नॅशनल कोस्टवॉच या संस्थेचे स्वयंसेवक तिथे बसून समुद्रावर लक्ष ठेवतात, आणि त्या दिवशी पट्टा किती वाजता ओलांडणे सुरक्षित आहे तेही तिथे लिहिलेले असते. दुर्बीण घेऊन तिथेच बसावे. ज्याला समुद्र वाचता येतो, त्याला भरती सुरू झाल्यावर त्या पट्ट्यात दोन बाजूंनी येणारे पाणी मध्ये कसे भिडते हे वरून पाहण्यात सुळक्यावर जाण्याइतकेच सुख मिळेल, असे मला वाटते. बाबांनी तरीही हट्ट धरला, तर तुम्ही दोघांनीच वेळापत्रक आणि चौकीवरचा फलक पाहून, ओहोटीच्या तासभर आधी निघून, पाणी सर्वांत खाली जाण्याची वेळ होताच परत फिरावे, आणि मुलांना वरच ठेवावे.

निळाई

मुलांच्या पोहण्याविषयी कुणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहिते. जीवरक्षक सगळ्या किनाऱ्यांवर नसतात, आणि असतात तिथेही ठरावीक महिन्यांत व ठरावीक तासांतच असतात. त्यामुळे निघण्यापूर्वी आरएनएलआय या समुद्रावर बचावकार्य करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या किनाऱ्याची नोंद पाहून घ्यावी. लाल-पिवळे बावटे लावलेले असतील तर त्यांच्या मधल्या पाण्यातच उतरायचे असते. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा बावटा म्हणजे तो भाग फळीवाल्यांसाठी राखून ठेवलेला आहे, आणि नुसता लाल बावटा म्हणजे पाण्यात जायचेच नाही. रॉसिली-लॅनगेनिथला लाटा परतताना आत ओढणारे प्रवाह तयार होतात, म्हणून मुलांना घोट्याएवढ्या पाण्याच्या पलीकडे जाऊ देऊ नये. फुगवलेल्या गाद्या आणि चाके तर घरीच ठेवावीत. जमिनीकडून वारा सुटला तर ती मुलांसकट बाहेर जातात.

पाणी ऐन उन्हाळ्यातही सोळा-सतरा अंशांच्या आसपास असते. कोकणातून आलेल्या माणसाला ते बर्फासारखे वाटेल, त्यामुळे आई-बाबांसाठी जाड मोजे आणि वारा अडवणारे जाकीट बरोबर असू द्यावे. आई साडी नेसणार असतील तर तिथला वारा लक्षात घेऊन त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस सुचवून पाहावा. ढगाळ हवेतही ऊन भाजते, म्हणून मुलांना मलम लावायला विसरू नये.

दर्यावर्दी

केळशीच्या माहेरवाशिणीला घेऊन जाणार आहात, तेव्हा जाताना स्वान्झीच्या बंदिस्त बाजारात थोडा वेळ थांबा. गावरच्या उत्तर किनाऱ्यावर पेनक्लाउड नावाचे गाव आहे. तिथल्या बायका पूर्वी गाढवे घेऊन ओहोटीच्या वेळी खाडीत जात आणि वाळू उकरून शिंपल्या गोळा करून आणत. त्याच खाडीतल्या शिंपल्या आजही या बाजारात मिळतात. आपल्या तिसऱ्यांच्या जवळच्या चवीच्या आहेत, मात्र तिथे त्या बहुधा उकडून, कवच काढूनच विकतात, त्यामुळे आईंना सुके करायचे असेल तर वाटण आधी पूर्ण परतून घेऊन शिंपल्या अगदी शेवटी घालाव्या लागतील, नाहीतर त्या रबरासारख्या होतात. शेजारीच समुद्रशेवाळ शिजवून केलेला काळपट-हिरवा लगदा ठेवलेला असतो. तो वेल्समधले लोक डुकराच्या मांसाच्या कापांबरोबर न्याहारीला खातात. तुम्ही चाखून मग ठरवा.

बाजार रविवारी बंद असतो. द्वितीया कोणत्या वारी येते ते पाहून त्याप्रमाणे आखणी करावी. आणि शनिवार असेल तर ब्रिस्टलहून सकाळी सातच्या आतच निघावे, कारण चांगल्या हवेच्या शनिवारी गावरचे अरुंद रस्ते दहानंतर तुंबतात.